डिचोलीचं मडकं, पेडण्याची पेटी

गोव्याच्या पेडणे तालुक्यात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी काला रंगतो. राजे येतात, राक्षस येतात, नारद येतो, युद्धं होतात. या सगळ्या वेळात तिघं जण रंगमंचाच्या कडेला बसलेले असतात आणि पहाटेपर्यंत जागचे हलत नाहीत: पायपेटीवाला, पखवाजवाला आणि झांजवाला. काल्याला लिहिलेली संहिता नसते. नट ऐनवेळी संवाद रचतो आणि ऐनवेळीच पदाला हात घालतो. तो कुठल्या पट्टीत सुरू करील आणि कुठे सोडून पुन्हा बोलू लागेल, याचा अंदाज पेटीवाल्याला एक श्वास आधी यावा लागतो. एवढं कसब असूनही जत्रेला आलेला माणूस पेटी ऐकायला आलो असं म्हणत नाही. पेटी साथीला असते, एवढंच त्याच्या मनात असतं.

साथीला बसलेलं वाद्य मध्यावर कसं येतं, हा मला संगीतातला अतिशय महत्त्वाचा प्रश्न वाटतो. वादक थोर असला म्हणजे काम झालं, असं होत नाही. त्या वाद्याला शोभेल असं संगीत कुणीतरी घडवावं लागतं आणि इतरांनी काही काळ मागे सरकायला कबूल व्हावं लागतं.

युरोपात या व्यवस्थेला कॉन्चेर्तो म्हणतात. एका बाजूला एक वादक, दुसऱ्या बाजूला अख्खा वाद्यवृंद. कधी दोघांत संवाद, कधी झुंज, आणि मध्येच वृंद थांबून एकट्याला मोकळं रान. हा मान बहुतेक वेळा व्हायोलिन किंवा पियानोला मिळतो. पण विवाल्दीनं व्हेनिसच्या अनाथालयातल्या मुलींना शिकवता शिकवता जे पाचशेच्या आसपास कॉन्चेर्तो लिहिले, त्यांतले चाळीसच्या आसपास ‘बासून’ या वाद्यासाठी आहेत. वृंदात बसून खालचा सूर धरून ठेवणारं, जाड आवाजाचं हे वाद्य. मँडोलिनसाठीही त्यानं लिहिलं. पुढे बेथोवनला शिकवणारे आल्ब्रेख्ट्सबर्गर यांनी चक्क मोरचंगासाठी कॉन्चेर्तो रचले. राजस्थानात आणि कर्नाटक संगीतात आपण जे दातांशी धरून वाजवताना पाहतो, त्याचंच हे युरोपी भावंड. १९५४ मध्ये व्हॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकारानं, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, ट्युबासाठी कॉन्चेर्तो लिहिला. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या पन्नाशीनिमित्त तो वाजला आणि वाजवणारा फिलिप कॅटलिनेट त्याच वृंदात ट्युबा वाजवत असे. मागच्या रांगेतला माणूस त्या संध्याकाळी पुढे आला.

आपल्या पेटीच्या दृष्टीनं याच व्हॉन विल्यम्सची आणखी एक रचना महत्त्वाची आहे. १९५१ च्या सुमाराला त्यांनी लॅरी अॅडलर या वादकासाठी माउथ ऑर्गन आणि वृंद यांची एक रचना केली. पाठोपाठ आर्थर बेंजामिन, माल्कम आर्नल्ड, ब्राझीलचे व्हिला-लोबोस यांनी त्याच वाद्यासाठी कॉन्चेर्तो लिहिले. माउथ ऑर्गन हा पेटीच्या कुळातला. दोन्हींत पितळेची एक पातळ जीभ एका टोकाला पक्की केलेली असते, दुसरं टोक मोकळं असतं, आणि वारा त्या खाचेतून गेला की जीभ आरपार हलून सूर देते. जिभेचं टोक घासून हलकं केलं तर सूर चढतो, बुडाशी घासलं तर उतरतो. पेटी लावणारा कारागीर दिवसभर हेच करत असतो. अकॉर्डियन याच कुळातलं आणि बँडोनियनही. जर्मनीत जन्मून अर्जेंटिनाच्या टँगोत रुजलेल्या या बँडोनियनसाठी आस्तोर पिआझ्झोलानं १९७९ मध्ये कॉन्चेर्तो लिहिला. या कुळाचा आशियातला फार जुना पूर्वज म्हणजे चीनचं शेंग. त्यासाठी उन्सुक चिन या कोरियन संगीतकार बाईंनी २००९ मध्ये वृंदासह रचना केली. यांतली काही एकेकाळी रस्त्यावर किंवा दारूच्या गुत्त्यात वाजत; या सगळ्या वाद्यांना एकामागून एक असं मध्यावर बसवलं गेलं.

पेटीचीही पाळी आली, पण तिच्यासाठी कुणी कागदावर लिहून दिलं नाही. पेटीवाल्यांनी ते स्वतः घडवलं, आणि त्यात मराठी मुलुखाचा आणि गोव्याचा वाटा फार मोठा आहे.

हार्मोनियम पॅरिसमध्ये १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलं आणि मिशनरी, साहेब यांच्याबरोबर हिंदुस्थानात आलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते जमिनीवर बसून, एका हातानं भाता हलवून वाजवता येईल असं आटोपशीर केलं. संगीत नाटकांनी ते उचललं. कंपन्यांत ऑर्गन आला, कीर्तनात पेटी आली, दशावतारात पायपेटी आली. पायांनी भाता चालवला की दोन्ही हात मोकळे राहतात, ही सोय रात्रभर वाजवणाऱ्याला मोलाची.

ख्यालगायनाच्या बैठकीत मात्र पेटीविरुद्ध आक्षेप होते आणि ते खरे होते. पहिला आक्षेप मींडेचा. गळा किंवा सारंगी एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाते. पेटीत मात्र प्रत्येक पट्टी म्हणजे एक वेगळी जीभ, मधला रस्ताच नाही. दुसरा आक्षेप स्वरस्थानांचा. पेटीची बारा स्वरस्थानं सारख्या अंतरावर बसवलेली असतात. षड्जाशी पाचास चार या प्रमाणात लागणारा गंधार कानाला निवांत वाटतो. पेटीतला गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट). तानपुरा जुळलेला असेल तर हा फरक शिकलेल्या कानाला खटकतो. कोमल गंधार उलट बाजूनं जवळजवळ तितकाच चुकतो. तिसरी अडचण क्वचितच कुणी बोलून दाखवतं: पेटीचा सूर विझत नाही. सतारीचा सूर छेडल्यावर आपोआप मावळतो आणि त्या मावळण्यात जागा असते. पेटीत भाता चालू आहे तोवर सूर तसाच उभा राहतो. तो कधी आणि कसा संपवायचा हे वादकालाच ठरवावं लागतं.

या आक्षेपांमुळे मार्च १९४० पासून आकाशवाणीनं पेटी बंद केली. रवींद्रनाथ टागोर या वाद्याच्या विरोधात होते. आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी त्याआधीच तिच्याविरुद्ध लिहिलं होतं. स्वातंत्र्यानंतर मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी ही बंदी कायम ठेवली. १९७१ मध्ये ती सैल झाली, तीही मुख्यतः साथीपुरती. एकल पेटीला आकाशवाणीचं दार त्यानंतरही दीर्घकाळ बंदच राहिलं. आक्षेप खरे असले तरी बंदी हा त्यावरचा उपाय नव्हता, असं माझं मत आहे. वाद्याच्या मर्यादेला उत्तर फक्त वाजवणाराच देऊ शकतो, आणि पेटीवाले ते देतच होते.

गोविंदराव टेंबे यांनी ते पहिल्यांदा ठळकपणे दिलं. कोल्हापूरच्या परिसरातल्या सांगवडे गावात १८८१ मध्ये जन्मलेले, भास्करबुवा बखल्यांच्या सहवासात वाढलेले, ‘मानापमान’च्या चाली देणारे गोविंदराव. त्यांची स्वतंत्र पेटी ऐकायला लोक जमत. बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर झाले. कोरगाव हे पेडणे तालुक्यातलं गाव. त्याच बेळगावात रामभाऊ विजापुरे यांनी पेटीवाल्यांच्या पिढ्या तयार केल्या. आणि मुंबईत मधुकर पेडणेकर, म्हणजे रसिकांचे पी. मधुकर. त्यांच्याही आडनावात हा तालुका आहे. १९१६ चा जन्म, १९६७ मध्ये निधन: त्यांच्या उमेदीचा जवळजवळ सगळा काळ आकाशवाणीच्या बंदीत गेला. तरीही त्यांची वाजवलेली नाट्यपदं तबकड्यांवरून घरोघर पोचली. नाटकातलं पद शब्दांशिवाय, नुसत्या पेटीवर ऐकून लोकांना ते पद म्हणून ओळखू येत होतं, आवडत होतं. पेटीला शब्दांची गरज उरली नाही हे त्या तबकड्यांनी सिद्ध केलं.

त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर फोंडा तालुक्यातल्या बोरी गावचे, जन्म १९३४ चा. छोटा गंधर्वांपासून अनेक थोरांना त्यांनी साथ केली आणि स्वतंत्र वादनही केलं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. सुधीर नायक, सीमा शिरोडकर यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडवले. एकाच्या आडनावातलं पेडणे आणि दुसऱ्याचं गाव बोरी, या दोहोंतून एकल पेटीची एक अखंड परंपरा आज वाजते आहे.

या परंपरेनं आक्षेपांना काय उत्तर दिलं, ते नीट ऐकलं तर कळतं. मींड नाही, तर दोन स्वरांमधल्या पट्टीला निसटता स्पर्श करत इतक्या हलक्या हातानं पुढे जायचं की कानच मधली वाट भरून काढतो. बोट पट्टीवरून उचलण्याआधी पुढची पट्टी दाबली जाते, क्षणभर दोन्ही स्वर एकमेकांत मिसळतात आणि सांधा दिसत नाही. सूर विझत नाही, तर भात्यानं विझवायचा: दाब कमी करत नेला की सूर मंद होतो, झटका दिला की स्वरावर जोर पडतो. गाणाऱ्याला श्वास असतो, पेटीवाल्याला भाता. चांगल्या वादकाचा डावा हात पाहिला की ओळ कुठे संपते ते आधीच समजतं. आणि चढ्या गंधाराचं? तिथे रागाची निवड आली. दरबारीचा डोलणारा गंधार पेटीवर धरायचा नाही, ही समज हवी. भैरवी, खमाज, पिलू, ठुमरी, नाट्यपद, जिथे स्वरांची गर्दी आणि लयीचा खेळ आहे, तिथे पेटी खुलते. काहींनी वाद्यच बदललं: डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती वाजवता येतील अशी पेटी तयार केली. हा प्रयत्न मोलाचा आहे; पण त्याच्या आधीच्या पिढीनं साध्या पेटीवर जे साधलं ते मला अधिक थक्क करतं.

आता गोव्याच्या दुसऱ्या एका साथीच्या वाद्याकडे, म्हणजे डिचोलीकडे. डिचोलीचे कुंभार गोव्यात प्रसिद्ध आहेत. पाण्याची भांडी, धूपदाण्या यांच्याबरोबर डिचोलीच्या मातीतून घुमट या तालवाद्याचं मडकंही घडतं. घुमटाला दोन तोंडं: एक रुंद, एक अरुंद. रुंद तोंडावर ओलं कातडं ताणून बांधतात. ते वाळलं की ताण येतो. उजव्या हाताची बोटं कातड्यावर वाजतात. डावा हात अरुंद तोंडापाशी असतो, आणि घुमटाचं सगळं रहस्य त्या हातात आहे.

मडक्याच्या पोटातली हवा एका ठरावीक सुरात घुमते. तो सूर पोटाच्या आकारावर आणि तोंडाच्या मोकळ्या भागावर ठरतो. तोंड जितकं उघडं, तितका सूर वर. तळहातानं झाकत गेलं की तो खाली उतरतो. म्हणजे थाप एकच असली तरी तळहात सरकला की नाद घसरत जातो, लांबट ‘घूं’ असा. पेटीला बारा स्वर पक्के आहेत पण घसरता येत नाही. घुमटाला घसरता येतं पण पक्का स्वर नाही. दोन्ही गोव्याच्या देवळात शेजारी वाजतात आणि एकमेकांची उणीव भरून काढतात.

चतुर्थीला घराघरात घुमट आरती होते. आरत्या मराठी, साथ घुमटाची, काठ्यांनी वाजणाऱ्या शामेळाची आणि कासाळे या झांजांची. ख्रिस्ती गोंयकारांच्या मांडो या गीतप्रकारातही व्हायोलिनबरोबर घुमट असतो. दोन्ही धर्मांच्या घरांत सारख्याच आपुलकीनं वाजणारं असं दुसरं वाद्य गोव्यात शोधावं लागेल. ही सगळी साथ झाली. पण सुवारी हा वेगळा प्रकार आहे. सुवारीत गाणं नसतं. घुमटांचा ताफा, शामेळ आणि कासाळे एवढ्यांनीच ताल रचला जातो आणि लय चढत जाते. शब्द नाहीत, सूर नाहीत, फक्त नाद आणि ताल. साथीच्या वाद्यानं मध्यावर येण्याची ही गोव्याची आपली रीत, आणि ती एकट्या वादकाची नाही, समूहाची आहे. हे सगळं इथे टिकलं याला इतिहासही कारण आहे. पेडणे आणि डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या ताब्यात आले, म्हणून नव्या काबिजादीत मोडतात. आधीपासून पोर्तुगीजांकडे असलेल्या जुन्या काबिजादीत देवळं पाडली गेली, इथे ती राहिली, आणि देवळाच्या आधारानं काला, शिगमो, घुमट आरतीही टिकल्या.

घुमटावर एक मोठं संकट आलं ते कायद्याचं. परंपरेनं त्याला घोरपडीचं कातडं लागे, पातळ आणि चिवट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपड मारणं गुन्हा ठरलं, आणि ते योग्यच झालं. मग बकऱ्याचं कातडं आलं. सुरुवातीला जुन्या वादकांना तो नाद पटेना, पण हळूहळू ताणण्याची रीत बसत गेली. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याच्या वारशाचं वाद्य म्हणून घोषित केलं. त्या वेळचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत डिचोली तालुक्यातल्या साखळीचे आमदार. घुमटाचं मडकं आणि घोषणा एकाच तालुक्यातून आली असं म्हणता येईल. कला अकादमी घुमट आरतीच्या स्पर्धा घेते आणि त्यांत तरुण पथकं येतात. हे सगळं चांगलं आहे. पण वारसा म्हणून जपलेलं वाद्य आणि मध्यावर बसलेलं वाद्य यांत अंतर आहे.

हे अंतर तालवाद्याला ओलांडता येतं याचा पुरावा जवळचा आहे. गोव्याच्या पर्वत गावचे खाप्रुमामा पर्वतकर, ज्यांना लयभास्कर म्हटलं जाई, ते हात, पाय आणि तोंड वापरून एकाच वेळी वेगवेगळे ताल चालवत, अशी त्यांची ख्याती. तबल्यात लयीचं एवढं गणित आहे, ते स्वतंत्रपणे ऐकण्याजोगं आहे, हे त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवलं. पुढे २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी तबल्याचा कॉन्चेर्तो लिहिला आणि मुंबईत तो सादर झाला. त्याचं नाव ‘पेशकार’. एकल तबल्याची सुरुवात ज्या भागानं होते तेच नाव. वृंदाचं सगळं कागदावर पक्कं, तबल्याला मात्र जागोजागी मोकळीक: आपली पद्धत आणि युरोपची पद्धत एकमेकांना न मोडता शेजारी बसली. एका गोंयकारानं याचा पाया आधीच घातला होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले व्हायोलिनवादक आणि प्यारेलाल यांचे गुरू, यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वृंदासाठी लिहिल्या. त्यांत राग सारंगमधला व्हायोलिन कॉन्चेर्तोही होता.

आणि मातीच्या वाद्याला वृंदापुढे बसवणंही आता नवं नाही. चिनी संगीतकार तान दुन यांनी पाण्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला, तो १९९९ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं वाजवला; २००९ मध्ये त्यांनी दगड आणि भाजलेल्या मातीच्या वाद्यांसाठी कॉन्चेर्तो लिहिला. वृंदासमोर मातीची भांडी ठेवून त्यांवर वाजवणारा माणूस तिथे उभा राहिला. हे ऐकताना डिचोलीचं मडकं आठवणं साहजिक आहे.

घुमटासाठी असं काही लिहायला बसलं तर सुवारीपासूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं. एका घुमटाला वृंदापुढे उभं करण्यापेक्षा चार किंवा पाच घुमटांचा ताफा, शामेळ आणि कासाळ्यांसह, हाच ‘एकल वादक’ मानावा. त्यातून एक घुमट मधूनमधून वेगळा निघावा आणि परत मिसळावा. ताफ्यातली मडकी निरनिराळ्या पोटांची हवीत, म्हणजे प्रत्येकाचं घुमणं वेगळं राहील. ती कुंभाराशी बोलून, चाकावरच ठरवावी लागतील, कारण भाजल्यावर पोट बदलता येत नाही. ध्वनिक्षेपकाची जागाही विचारानं ठरवायला हवी: कातड्यापुढे ठेवला तर बोटांचा टणत्कार येतो आणि अरुंद तोंडाचा ‘घूं’ हरवतो, म्हणून दोन्हीकडे एकेक लागेल. हवेचा प्रश्न तर आहेच. भाद्रपदात कातडं सैल पडतं, शेकून घ्यावं लागतं. वृंदाचे सूर मात्र तेवढा वेळ थांबून राहत नाहीत. त्यामुळे असा कार्यक्रम शिगम्याच्या दिवसांत, कोरड्या हवेत ठेवलेला बरा.

सगळ्यांत कठीण काम कागदाचं आहे. आपल्याकडे घुमटाचे बोल लिहिले जातात, पण ते उजव्या हाताचे. डावा तळहात कधी पूर्ण झाकलेला, कधी अर्धा, कधी थापेनंतर हळूहळू सरकणारा, हे बोलांत उतरत नाही. गुरूच्या शेजारी बसून पाहूनच ते येतं. वृंदातल्या चाळीस माणसांना मात्र घुमट कुठे घसरणार आहे हे आधी कळायला हवं. म्हणून प्रत्येक बोलाखाली डाव्या हाताची एक वेगळी ओळ लिहावी लागेल, आणि ती लिहायला चतुर्थीच्या आरत्यांत वाढलेलाच माणूस लागेल.